रिसर्चच्या गोठ्यात नवीन कामाला लागताय? हे आधी वाचून घ्या

परभणीचं व्हेटर्नरी कॉलेज घ्या, उदगीरचं घ्या, नाहीतर परभणीच्याच कृषी विद्यापीठाचा संकरित गो पैदास प्रकल्प घ्या, आपल्या मराठवाड्यात मोठ्या जनावरांवर संशोधन चालणाऱ्या जागा आहेत आणि तिथं गोठा सांभाळायला माणसं लागतातच. बरीचशी पोरं कंत्राटावर किंवा रोजंदारीवर लागतात, घरी दोन-चार जनावरं असतात, धार काढता येते, वैरण टाकता येते, त्यामुळं वाटतं की यात काय शिकायचंय. पण पहिल्या महिन्यातच गोंधळ उडतो. म्हणून जे मला नव्या पोरांना रोज तोंडी सांगावं लागतं ते इथं एकदाच नीट लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. घरच्या गोठ्यात जनावर धडधाकट राहिलं, दूध दिलं की काम झालं. इथं त्या जनावरानं काय खाल्लं, किती खाल्लं, किती टाकलं, कधी आजारी पडलं हे सगळं कागदावर खरं-खरं उतरलं तरच काम झालं. शास्त्रज्ञ ज्या आकड्यांवर पेपर लिहितात ते आकडे पहाटे तुम्ही वजनकाट्यावर घेतलेले असतात. तुमचा आकडा चुकीचा असला तर पुढचं सगळं चुकीचं, मग शेतकऱ्याला दिलेला सल्लाही चुकीचा, आणि त्या जनावरानं उगाच त्रास काढला.

कामावर लागायच्या आधी

कंत्राटदाराला विचारून घ्या: पीएफ कापतात का, अपघात विमा आहे का, गमबूट आणि हातमोजे कोण देणार. लाजू नका, मोठ्या जनावरात लाथ कधी बसेल सांगता येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. जिथं पिसाळलेल्या जनावरांच्या केसेस येतात अशा दवाखान्याला लागून काम असेल तर रेबीजची लस आधीच घेता येते, त्याबद्दल साहेबांना विचारा. पिसाळलेल्या गायी-म्हशीची लाळ हाताच्या जखमेला लागली तरी धोका तोच, तेव्हा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा.

दुसरं म्हणजे घरची जनावरं. आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्या घरी एखादी गाय, बैलजोडी, दोन शेळ्या असतातच. घरून शेण काढून त्याच चपलेनं सेंटरच्या गोठ्यात शिरायचं नाही. लाळ्या-खुरकूताचा विषाणू कपड्यावर, चपलेवर, हातावर बसून येतो, माणसाला काही होत नाही पण चाळीस जनावरांचा गोठा बसतो आणि चालू असलेला प्रयोग मातीत जातो. कपडे वेगळे, बूट वेगळे, गेटवर पाय बुडवायचं भांडं असेल तर त्यात खरंच पाय बुडवायचा, उडी मारून जायचं नाही. धुण्याचा सोडा चार टक्के, म्हणजे दहा लिटर पाण्यात चारशे ग्राम, हे द्रावण लाळ्या-खुरकूताच्या विषाणूवर चालतं. गढूळ झालं की बदला. घरच्या किंवा गावातल्या जनावरांना रोग आला असेल तर लपवू नका, फोन करून सांगा, एखाद्या दिवसाचा खाडा परवडला.

पहिला आठवडा: बघायचं

आधी जनावरं ओळखायला शिका. आपल्याकडं देवणी आणि लाल कंधारी या दोन जाती जास्त दिसतील, सोबत संकरित गायी आणि मराठवाडी म्हशी. देवणीतही तीन प्रकार सांगतात, वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या म्हणजे पांढरं अंग आणि खालच्या बाजूला काळे ठिपके, शेवरा म्हणजे अंगभर वेडेवाकडे काळे पट्टे-ठिपके. मराठवाडी म्हशीची शिंगं लांब, मागं खांद्यापर्यंत गेलेली, त्यामुळं तिच्या मानेजवळ उभं राहताना शिंगाचा वळसा कुठवर येतो ते बघून उभं राहा. पण रेकॉर्डला जात चालत नाही, कानातल्या बिल्ल्याचा नंबर चालतो. आम्ही पण गायीला नावानं हाक मारतो, जनावराला बरं वाटतं, पण रजिस्टरला फक्त नंबर. बिल्ला पडलेला दिसला तर अंदाजानं दुसरा मारू नका, आधी सांगा.

मग निरोगी जनावर कसं दिसतं ते डोळ्यात बसवा. हे फार महत्त्वाचं आहे आणि याला शॉर्टकट नाही. पहाटे गोठ्यात गेल्यावर लगेच बादल्या आदळायच्या नाहीत, पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. कोण बसून रवंथ करायलंय, कोण उभं आहे, कोण कोपऱ्यात तोंड करून आहे. चांगली गाय दिवसातले सहा-आठ तास रवंथ करते, एक घास वर आला की चाळीस ते साठ वेळा चावते, मोजून बघा एकदा. नाकपुडीवर दव पडल्यासारखा ओलावा पाहिजे, कान हलते पाहिजेत, शेण पोवासारखं पडलं पाहिजे. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरली तर दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोट मुठीला वर ढकलतं, ते ढकलणं थांबलं असेल तर पचन थांबलंय. आणि तोच खळगा नगाऱ्यासारखा फुगून वर आला असेल तर पोटफुगी, तिथं डॉक्टरला फोन आधी, बाकी चौकशी नंतर. ताप बघायचा तर थर्मामीटरला दोरा आणि चिमटा लावूनच गुदद्वारात घालायचा, नाहीतर आत जातो. गायीचं साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हशीचं त्याहून थोडं कमी. उन्हातून आलेल्या जनावराचं लगेच घेतलं तर जास्तच दाखवणार, सावलीत थांबू द्या.

आमच्याकडं एक म्हातारे मामा होते, त्यांनी एकदा एका म्हशीकडं बघून सांगितलं, "ही आज शेवटाला आली गव्हाणीवर, रोज पहिली असते." ताप नाही, खात होती, दूधही थोडंसंच कमी. तरी लिहून ठेवलं, डॉक्टरांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी सडाची धार काळ्या फडक्यावर काढल्यावर गुठळ्या दिसल्या, कासदाह. लवकर कळलं म्हणून सड वाचला. असं "आज काहीतरी वेगळं आहे" वाटणं हीच तुमची खरी कमाई, ते मनात ठेवू नका, बोला आणि लिहा.

जनावराजवळ जायची पद्धत

गायीला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी मागचं दिसत नाही. म्हणून बरोबर शेपटीमागून कधीच जायचं नाही, तिरपं, खांद्याच्या बाजूनं, आणि जाताना तोंडानं काहीतरी बोलत जायचं, "हो हो, थांब गं" एवढं पण पुरे. खांद्याच्या पुढं उभं राहिलात तर ती मागं सरकते, खांद्याच्या मागं गेलात की पुढं चालते, हे एकदा कळलं की काठी लागतच नाही. गाय लाथ नुसती मागं मारत नाही, पाय पुढं घेऊन बाजूला फिरवते, त्यामुळं मागच्या पायाशेजारी उभं राहायचंच असेल तर अंगाला खेटून उभं राहा, हातभर अंतरावर जोर सगळ्यात जास्त असतो.

दावं हाताला गुंडाळायचं नाही. परत सांगतो, कधीच नाही. जनावर बुजलं की बोटं जातात. गाठ अशी बांधायची की टोक ओढलं की सुटली पाहिजे, खोड्यात, म्हणजे जनावर अडकवायच्या चौकटीत, जनावर पडलं तर गाठ सोडायला दोन सेकंद मिळतात. वळूच्या गोठ्यात एकट्यानं जायचं नाही, तो कितीही गरीब असला तरी, आणि वासरापासनं वाढवलेला असला तर जास्तच जपायचं, कारण त्याला माणसाची भीती राहिलेली नसते. वासराला डोक्यानं ढुशी मारायचा खेळ शिकवू नका, तो चारशे किलोचा झाल्यावर तोच खेळ खेळतो.

मारहाण करायची नाही. जनावरांना क्रूरपणे वागवू नये असा कायदा आहे, १९६० चा, आणि प्रयोगाच्या प्रत्येक जनावरामागं संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी असते. पण कायदा बाजूला ठेवला तरी घाबरलेल्या जनावराचं रक्त तपासलं तर आकडे वेगळेच येतात, दूध पान्हवत नाही, वजन घेताना काट्यावर उभी राहत नाही. शांत माणसाचा गोठा शांत असतो, हे बाहेरून आलेल्या माणसाला पण दिसतं.

चारा: इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

समजा खाद्याची चाचणी चालू आहे. काही गायींना नवीन पेंडीचं मिश्रण, काहींना जुनंच. नवीन खाद्य सुरू केल्यावर साधारण तीन आठवडे जनावराला सवय होऊ देतात आणि मग सहा-सात दिवस टाकलेला चारा, उरलेला चारा, पडलेलं शेण सगळं तोलून घेतात. तुमचं काम म्हणजे सकाळी कालची उरलेली वैरण गव्हाणीतून आधी काढायची, तिचं वजन घ्यायचं, मग नवीन टाकायची. आता यात बारीक गोष्टी ऐका. उरलेला कडबा गायीच्या लाळेनं किंवा रात्रीच्या पावसानं भिजलेला असतो, तो जड भरतो, मग वाटतं हिनं कमीच खाल्लं. वाळल्या कडब्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, हिरव्या मक्यात पाऊण भाग पाणीच. म्हणून नुसतं किलो लिहून चालत नाही, उरलेल्यातला मूठभर नमुना पिशवीत भरून नंबर टाकून लॅबला द्यायचा, ते ओव्हनमध्ये वाळवून कोरडं वजन काढतात. आणि शेजारच्या गायीनं मान लांब करून हिच्या गव्हाणीत तोंड घातलं तर तेही लिहायचं, आणि मध्ये फळी लावून द्या म्हणून मागं लागायचं.

आता खरी अवघड गोष्ट. चाचणीत काही जनावरांना जाणूनबुजून साधं खाद्य दिलेलं असतं, तुलनेसाठी. नव्या पोराला दया येते, "हिला पण मूठभर सरकी पेंड दिली तर काय बिघडतंय" म्हणून गुपचूप टाकतो, कुणी खनिज मिश्रण टाकतं, कुणी डब्यातली भाकरी देतं. ही माया मला कळते, आपण असंच वाढलोय, दारातली गाय उपाशी दिसली की हात जातोच. पण साधं खाद्य म्हणजे उपाशी नाही. तिच्या वजनाप्रमाणं रोजची गरज काढूनच ते ठरवलेलं असतं, चारशे किलोच्या गायीला दहा-बारा किलो कोरडा भाग लागतो तो तिला मिळतोच. तुमच्या त्या मूठभर पेंडीनं दोन गटातला फरकच पुसला जातो आणि महिनाभराचं काम परत करावं लागतं, म्हणजे जनावरांना परत तेच. जनावर खरंच खंगत चाललंय असं वाटलं तर तिथं मात्र गप्प बसायचं नाही, सरळ साहेबांना सांगायचं की हिचं वजन उतरलंय, बरगड्या दिसायल्यात. चाचणीतून जनावर काढता येतं आणि तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पोळ्याचं पण सांगून ठेवतो. खांदेमळणी करा, शिंगं रंगवा, झूल घाला, आमच्याकडं पण बैलांची मिरवणूक निघते आणि सगळ्यांना आनंद होतो. पण चाचणीच्या जनावराला पुरणपोळी नाही, आणि बाकीच्यांना पण नैवेद्यापुरतीच. एकदम जास्त पोळ्या, भात, पीठ गेलं की पोटात आम्ल वाढतं, जनावर बसतं, दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अशा केसेसची रांग लागते. तसंच पावसानं ताण दिल्यावर वाढ खुंटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर फुटलेले हिरवे फुटवे, ते कापून आणू नका, त्यात सायनाइडचं विष तयार होतं आणि जनावर मिनिटांत धापा टाकत कोसळतं. त्यावर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन असतं पण वेळ फार थोडा मिळतो.

पाणी आणि ऊन

मराठवाड्यातला एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ डिग्री ठरलेलीच. वेळापत्रक तेव्हा बदलतं, वैरणीचा मोठा भाग पहाटे आणि सूर्य मावळल्यावर, दुपारी जनावराला खायलाच होत नाही. एका गायीला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागतं, दुभती असेल तर दर लिटर दुधामागं आणखी तीन-चार लिटर. टाकी पत्र्यावर आणि पाइप काळा असेल तर दुपारी नळाचं पहिलं पाणी अंग भाजेल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत काढून झाडाला घाला, गार यायला लागलं की मग हौद भरा. हे छोटंसं काम कुणी सांगत नाही पण यानं जनावर कितीतरी जास्त पाणी पितं. म्हशीला घाम फार कमी येतो, तिला दुपारी दोनदा तरी अंगावर पाणी किंवा डुंबायला जागा पाहिजेच. टंचाई असली तर साहेबांना आधीपासून टँकरचं बोलून ठेवा, ज्या भागात २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं उन्हाळ्यात हौद भरलेला असेलच असं धरून चालता येत नाही.

शेण, नमुने आणि रजिस्टर

चाचणीच्या आठवड्यात शेण म्हणजे कचरा नाही. चोवीस तासाचं सगळं गोळा करायचं, त्यात मूत मिसळू द्यायचं नाही, चांगलं कालवून सांगितला तेवढाच भाग डब्यात. रात्रपाळीला झोप लागली आणि शेण पायाखाली तुडवलं गेलं तर तसं लिहा, अंदाजानं आकडा भरू नका. खोटा आकडा कुणाला सापडत नाही, तीच त्याची वाईट गोष्ट. लघवीच्या बाटलीत आधीच थोडं ॲसिड घातलेलं असतं, वास घेऊ नका, हात घालू नका.

रजिस्टर निळ्या पेननं, त्याच वेळी, गोठ्यात उभं राहून. संध्याकाळी आठवून नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, सही करा. व्हाइटनर नाही. काहीच उरलं नाही तर मोकळं सोडू नका, शून्य लिहा, मोकळी जागा म्हणजे कुणी बघितलंच नाही. वजन नेहमी सकाळी, चारा-पाण्याच्या आधी, त्याच काट्यावर, आणि काटा शून्यावर आहे का आधी बघा, फटीत शेण अडकलं तरी चार-पाच किलोचा फरक पडतो.

काही सेंटरला तुम्हाला डाव्या कुशीत रबरी झाकण बसवलेली गाय किंवा बैल दिसेल. पहिल्यांदा बघून पोटात गोळा येतो, येऊ द्या. पोटात चारा कसा पचतो ते बघायला डॉक्टर भूल देऊन ऑपरेशननं तो मार्ग करतात आणि अशी जनावरं वर्षानुवर्षं नीट खातात-पितात. तुमचं काम रोज कडेची जागा कोमट पाण्यानं पुसायची, माशा बसू द्यायच्या नाहीत, झाकण घट्ट आहे का बघायचं. निघालेलं दिसलं तर घाबरून आरडाओरडा नको, जनावराला बांधून स्वच्छ फडकं धरा आणि डॉक्टरांना बोलवा. बघायला आलेल्या पाहुण्यांना मोबाइलनं फोटो काढू देऊ नका, परवानगी साहेबांची.

स्वतःची तब्येत

इथं पोरं सगळ्यात निष्काळजी असतात. गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली तर ते वासरू, तो जार (वार) उघड्या हातानं उचलायचा नाही, ब्रुसेलोसिस असू शकतो आणि तो माणसाला होतो. हातमोजे, तोंडाला मास्क, कुत्र्यांच्या हाती लागू न देता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, तेही डॉक्टरांनी नमुना घेतल्यावर. घरात किंवा कामावर कुणी बाई गरोदर असेल तर तिला या कामापासून लांब ठेवा. गोठ्यातलं दूध कच्चं पिऊ नका, आणि औषध चालू असलेल्या किंवा चाचणीतल्या गायीचं दूध चहाला पण नेऊ नका. गोचीड नखानं फोडू नका. एखादं जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर त्याला हात लावू नका, कातडं काढायचा विषय तर नाहीच, काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, जागा अडवून डॉक्टरला बोलवा.

आणि तुम्हाला स्वतःला संध्याकाळी चढून सकाळी उतरणारा ताप, रात्री घाम, सांधे-कंबर दुखणं असं पंधरा दिवस चालू राहिलं तर गावातल्या मेडिकलवरून गोळ्या घेत बसू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "मी जनावरांच्या गोठ्यात काम करतो." नाहीतर डॉक्टर टायफॉइड, मलेरिया तपासत राहतात. ब्रुसेलाची रक्ततपासणी वेगळी असते, ती मागून करून घ्या, आणि गोळ्यांचा कोर्स सहा आठवड्यांचा असतो, बरं वाटलं तरी मध्येच सोडायचा नाही. निदान झालं तर सेंटरला पण कळवा, कारण मग कुठल्या तरी गायीला तो असू शकतो आणि गायींची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला पाहिजे.